हलवण्याआधीचे काम : वस्तुसंग्रहालयांतील हाताळणी आणि मांडणीचा आढावा

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी, एक दगडी हत्ती उभा आहे. मूळचा तो घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले ते याच हत्तीवरून. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. मान आणि डोके अर्धशतकापूर्वीच गळून पडलेला, अंगभर चिरा गेलेला तो हत्ती उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. उचलायला काही मिनिटे लागली असतील. निस्तरायला पन्नास वर्षे लागली.

दगडाचे वजन किती, क्रेन किती पेलेल, चिरा कुठवर गेल्या आहेत, पट्टा कुठे घ्यावा, हे सारे प्रश्न उचलण्याआधीचे आहेत. त्यांची उत्तरे दोर ओढणाऱ्याच्या हातात नसतात. कलावस्तूंच्या हाताळणीचा इतिहास चाळला की हेच पुन्हा पुन्हा दिसते. दोष हाताला दिला जातो, पण चूक बहुधा आधीच, टेबलावर, झालेली असते. वेळ कमी ठेवलेला असतो, नोंद अपुरी असते, किंवा ‘थांबा’ म्हणायचा अधिकार कुणालाच दिलेला नसतो.

धोका कुठे असतो

कॅनेडियन कन्झर्वेशन इन्स्टिट्यूटने संग्रहाच्या हानीची दहा कारणे मांडली आहेत. आग, पाणी, कीड, चोरी, प्रकाश, प्रदूषण, चुकीचे तापमान, चुकीची आर्द्रता, दुर्लक्ष ही त्यांत आहेतच. यादीत पहिले नाव मात्र भौतिक बलांचे आहे. धक्का, कंप, दाब, घर्षण आणि पडणे ही ती बले. प्रकाशाने रंग उडायला वर्षे जातात, वाळवीला महिने लागतात, पडण्याला क्षण पुरतो. कोठारात स्वस्थ पडून असलेल्या वस्तूला हा धोका कमी असतो. प्रदर्शन ठरले, दालन बदलायचे झाले, दुसऱ्या शहराने वस्तू मागितली, की तो एकदम वाढतो.

म्हणूनच पाश्चात्त्य संग्रहालयांत हे काम स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभे राहिले. वस्तूच्या येण्या-जाण्याची कागदपत्रे सांभाळणारा रजिस्ट्रार, वस्तूची प्रकृती पाहणारा संवर्धक, तिला बसण्यासाठी आधार घडवणारा माउंटमेकर, आणि प्रत्यक्ष उचलणारे, टांगणारे, पेटीत भरणारे तंत्रज्ञ अशी तिथे विभागणी असते. आपल्याकडे बहुतेक सरकारी संग्रहालयांत अशी पदे क्वचितच आढळतात. अभिरक्षक, शिपाई, सुतार, इलेक्ट्रिशियन आणि बाहेरचा ठेकेदार मिळून वेळ निभावून नेतात. त्यांतल्या अनेकांच्या हातात उत्तम कौशल्य असते. पण ते कौशल्य कुठे लिहिलेले नसते आणि माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबर जाते.

आधी नोंद, मग हात

वस्तू जागची हलण्यापूर्वी तिचा स्थिती-अहवाल लिहायचा असतो. कुठे चीर आहे, कुठे रंगाचा पोपडा सुटला आहे, जुनी दुरुस्ती कोणती, चौकटीचा कुठला सांधा ढिला आहे, हे छायाचित्रांसह नोंदवतात. वस्तू निघताना, पोहोचल्यावर, प्रदर्शन संपल्यावर आणि घरी परतल्यावर तोच अहवाल पुन्हा ताडून पाहतात. कर्जाऊ वस्तूसोबत बहुधा मूळ संग्रहालयाचा माणूस कुरिअर म्हणून प्रवास करतो आणि त्याच्यासमक्षच पेटी उघडली जाते. विमाही भिंतीवरच्या खिळ्यावरून निघाल्यापासून परत त्याच खिळ्यावर येईपर्यंतचा काढतात. अहवाल नसेल, तर नवा ओरखडा कुणाच्या ताब्यात असताना पडला हे ठरवायला मार्गच उरत नाही.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात पुरातत्त्व सर्वेक्षण आणि राष्ट्रीय पातळीवरच्या संग्रहालयांतील नोंदी, पडताळणी आणि साठवण यांतील उणिवांवर बोट ठेवले होते. तो प्रश्न हिशेबाचा वाटतो, पण त्याचा थेट संबंध हाताळणीशी आहे. वस्तू नेमकी कोणत्या फडताळात आहे हे ठाऊक नसेल, तर ती शोधण्यासाठी दहा वस्तू हलवाव्या लागतात. कोठार नीट लावलेले नसेल, तर पुढची वस्तू काढल्याशिवाय मागची निघत नाही. ‘इक्रोम’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने याचसाठी ‘री-ऑर्ग’ ही कोठारे नव्याने लावण्याची पद्धत तयार केली. तिचा गाभा साधा आहे: कोणतीही वस्तू, फार तर दोन वस्तू बाजूला करून, काही मिनिटांत हाती आली पाहिजे.

पॅरिसच्या लूव्रने याच विचाराचा मोठा प्रयोग केला. जून २०१६ मध्ये सेन नदीला पूर आला तेव्हा संग्रहालय बंद ठेवून तळघरातल्या हजारो वस्तू घाईने वर न्याव्या लागल्या. त्यानंतर उत्तर फ्रान्समधल्या लिएव्हां येथे नवे संवर्धन व साठवण केंद्र २०१९ मध्ये सुरू झाले आणि सुमारे अडीच लाख कलावस्तू तिकडे नेण्याचे काम काही वर्षे चालले. पुराच्या रात्री पळापळ करण्यापेक्षा सवडीने केलेले स्थलांतर कमी धोक्याचे, हा त्यामागचा हिशेब.

हात कसे लावावेत

पांढरे सुती हातमोजे ही संग्रहालयाची लोकप्रिय प्रतिमा. व्यवहारात ते अनेकदा गैरसोयीचे ठरतात. सुती धागा सुटलेल्या रंगात किंवा लाकडाच्या कुसळात अडकतो, आणि गुळगुळीत चिनी मातीचे भांडे त्यातून निसटते. म्हणून धातूच्या वस्तूंसाठी आता बहुधा नायट्राइलचे मोजे वापरतात. घामातल्या क्षारांनी चांदी-तांब्यावर बोटांचे ठसे उमटतात ते त्यामुळे टळतात. जुन्या पोथ्या आणि कागद हाताळताना मात्र स्वच्छ धुऊन कोरडे केलेले उघडे हातच अनेक ग्रंथालये पसंत करतात, कारण पान उलटताना बोटांना जाणीव हवी असते.

बाकीचे नियम कोणत्याही कसबी माणसाला पटतील असेच आहेत. भांडे कानाला धरून उचलू नये, मूर्तीला हाताला धरू नये, खुर्ची पाठीला धरून उचलू नये. वस्तूचा सर्वांत बळकट आणि सर्वांत खालचा भाग शोधावा. अंगठी, घड्याळ, गळ्यातले ओळखपत्र आधी काढून ठेवावे. एका वेळी एकच वस्तू न्यावी, आणि ती जिथे ठेवायची ती जागा आधी मोकळी करावी. दोघे उचलत असतील तर हुकूम एकानेच द्यायचा. उलटे चालणाऱ्याला वाट दाखवायला तिसरा माणूस हवा.

त्याहून महत्त्वाची असते ती वाटेची पाहणी. दाराची रुंदी, जिन्याचे वळण, लिफ्टची क्षमता, उंबऱ्याची उंची, मधला पंखा, फरशीखालच्या तुळया असे सगळे मोजून घ्यावे लागते. मुंबई-पुण्यातली कितीतरी संग्रहालये जुन्या वास्तूंत आहेत. जॉर्ज विटेट यांनी आखलेली छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत १९२२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. आजच्या क्रेटच्या मापाने त्या काळी दारे बांधली जात नव्हती. वारसा वास्तूच्या भिंतीला मनाला येईल तिथे भोकही पाडता येत नाही. अशा ठिकाणी स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या तात्पुरत्या भिंती घालाव्या लागतात आणि त्यांच्या तोलाचा वेगळा हिशेब करावा लागतो.

पेटी आणि प्रवास

१९६४ मध्ये मायकेलअँजेलोची ‘पिएता’ न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यासाठी रोमहून जहाजाने गेली. संगमरवराभोवती पॉलिस्टायरीन भरले होते आणि जहाज बुडालेच तर तरंगेल अशी बाहेरची पेटी केली होती. पॅकिंगचे सगळे शास्त्र त्या पेटीत आहे. काय घडू शकते याची यादी आधी करायची, आणि मग प्रत्येक शक्यतेला एक थर द्यायचा.

आजच्या क्रेटमध्ये वस्तूला टेकणारा थर आम्लरहित टिश्यूचा किंवा टायवेकचा असतो. त्यानंतर वस्तूच्या आकारात कापलेला पॉलिथिलीन फोम, मग आतली पेटी, पुन्हा फोम आणि शेवटी लाकडी कवच. फोम जितका जाड तितका चांगला असे नाही. वजनाच्या मानाने तो फार कडक असेल तर धक्का थेट आत जातो, फार मऊ असेल तर वस्तू त्यात बसते आणि तळाला टेकते. बबल रॅपचे फुगे रंगाच्या पृष्ठभागाला लावू नयेत, त्यांचे गोल ठसे कायमचे उमटू शकतात. आंतरराष्ट्रीय प्रवासाला निघणाऱ्या लाकडी पेटीचे लाकूड किडीच्या भीतीने गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवलेले असावे लागते आणि त्यावर तशी मोहोर लागते. पेटी पोहोचली की ती लगेच उघडत नाहीत. नव्या हवेशी जुळवून घ्यायला तिला साधारण २४ तास तशीच ठेवतात. थंड विमानातून आलेली पेटी मुंबईच्या दमट दालनात तडक उघडली तर वस्तूवर दव धरते.

तरीही काही वस्तू जागच्या हलवू नयेत असे वाटायला लावणारे प्रसंग घडतात. पाटण्याजवळ गंगेकाठी १९१७ मध्ये सापडलेली दीदारगंजची यक्षी १९८० च्या दशकात भारत महोत्सवासाठी अमेरिकेला गेली आणि तिच्या चेहऱ्याला इजा झाली. पुढे ती परदेशी पाठवायची नाही असा निर्णय झाला. तिला नेणाऱ्यांनी काळजी घेतली नसेल असे म्हणण्याचे कारण नाही. प्रश्न त्याआधीचा आहे: इतकी झिलई असलेला दोन हजार वर्षांपूर्वीचा वालुकाश्म इतक्या लांब का न्यायचा, आणि ‘नको’ म्हणणाऱ्या संवर्धकाचे मत किती वजनाचे मानायचे?

कर्जाऊ वस्तूंचा ओघ मात्र वाढतो आहे. २०१७ च्या अखेरीस मुंबईत भरलेल्या ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ या प्रदर्शनात ब्रिटिश म्युझियम, दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय आणि इतर भारतीय संग्रहांतल्या मिळून सुमारे २०० वस्तू एकत्र आल्या आणि पुढे दिल्लीला गेल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कर्जाने साताऱ्याच्या शासकीय संग्रहालयात आली. त्यांच्या इतिहासाबद्दल मतभेद आहेत. हाताळणीच्या दृष्टीने मात्र ती एक महत्त्वाची कसोटी आहे. तळहातावर मावेल एवढी वस्तू, पण तिच्यासाठी काचपेटी, सुरक्षा, हवामान आणि तपासणी यांच्या अटी मोठ्या दगडी मूर्तीइतक्याच कडक. शिवाय वस्तू एका शहरातून दुसऱ्या शहरात गेली की हे सारे चक्र नव्याने फिरवावे लागते. जिल्ह्याच्या संग्रहालयाने असे एक कर्ज निभावले, की त्या निमित्ताने झालेली तयारी मागे राहते. ती टिकवली, तर घरच्या वस्तूंनाही तिचा लाभ होतो.

मांडणी : चौथऱ्यापासून दिव्यापर्यंत

ऑक्टोबर २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तुलिओ लोम्बार्दोचा संगमरवरी ‘अ‍ॅडम’ कोसळला. त्या वेळी संग्रहालय बंद होते आणि कुणाचा धक्काही लागला नव्हता. पुतळ्याखालचा प्लायवूडचा चौथरा दबून मोडला होता. डोके, धड, हात, पाय सुटून शेकडो तुकडे झाले. लेझर मोजणी, फायबरग्लासच्या खिळ्या आणि पुन्हा सोडवता येईल असे चिकटद्रव्य वापरून पुतळा जोडला गेला. तो लोकांसमोर आला २०१४ मध्ये. चौथऱ्याची बचत महागात पडते, ती अशी.

इंग्लंडच्या फिट्झविल्यम संग्रहालयात २००६ मध्ये एक प्रेक्षक बुटाच्या नाडीत पाय अडकून जिन्यावरून घसरला आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवलेली छिंग काळातली तीन मोठी फुलपात्रे फुटली. ती वर्षानुवर्षे तिथेच होती आणि काही झाले नव्हते. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा जागा सुरक्षित असल्याचा पुरावा ठरत नाही.

मांडणीत दिसणाऱ्या कामापेक्षा न दिसणारे जास्त. मूर्तीला सावरणारा पितळी किंवा पोलादी आधार तिच्या अंगाचे माप घेऊन घडवतात आणि टेकतो तिथे मऊ अस्तर देतात. वजन आधाराने घ्यावे, वस्तूने नव्हे. चित्र टांगताना त्याचा मध्य उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला, साधारण दीड मीटरवर आणतात. वजनाच्या दुप्पट-तिप्पट पेलणारे हूक आणि दोन स्वतंत्र बिंदू घेतात, आणि शेवटी पाणसळ लावून पाहतात. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयासारख्या अर्धवर्तुळाकार दालनांत तर सरळ चौकट आणि वळती भिंत यांची सांगड हा एक वेगळाच हिशेब होतो.

काचपेटीची निवडही साधी नाही. काही लाकडे, एमडीएफ, गोंद आणि रंग आम्लाची वाफ सोडतात आणि बंद पेटीत ती साठते. शिसे त्याने गंजते, तर लोकर, रबर यांसारख्या गंधकयुक्त पदार्थांमुळे चांदी काळवंडते. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी यासाठीच आहे. चांदी, तांबे आणि शिसे यांचे पत्रे त्या साहित्याबरोबर ६० अंशांवर २८ दिवस बंद ठेवतात आणि मग पत्रे पाहतात. म्हणजे पेटीचे कापड आणि प्लाय प्रदर्शनाच्या आठवड्यात विकत घ्यायचे नसते, महिनाभर आधी तपासायचे असते. प्रकाशाचेही तसेच. लघुचित्रे, पैठणी, कागद यांना सुमारे ५० लक्स, तैलचित्रांना २०० पर्यंत, असा रूढ संकेत आहे. दालन अंधारलेले वाटते अशी प्रेक्षकांची तक्रार येते, ती त्यामुळे.

भूकंपाचा विचार आपण क्वचितच करतो. १९९३ मध्ये लातूर-उस्मानाबाद भागात आणि २००१ मध्ये कच्छमध्ये जे घडले, ते पाहता तो करायला हवा. उंच, बारीक तळाच्या मूर्तींना मागून आधार, फडताळांना पुढे पट्टी, छोट्या वस्तूंखाली सहज काढता येणारे मेण एवढ्या स्वस्त उपायांनीही बरेच साधते.

जड वस्तू आणि देशी कसब

कैरोतला दुसऱ्या रामसेसचा ८३ टनांचा पुतळा २००६ मध्ये गजबजलेल्या चौकातून गिझाकडे नेला, तेव्हा त्याआधी तितक्याच वजनाची प्रतिकृती त्याच रस्त्याने फिरवून रंगीत तालीम घेतली होती. २०१८ मध्ये तिथल्या नव्या संग्रहालयाच्या दर्शनी दालनात तो सुमारे ४०० मीटर हलवला, तोही मोठ्या तयारीनिशी.

आपल्या गावोगावी विखुरलेल्या वीरगळ आणि सतीशिळांना अशी तालीम मिळत नाही. हौशी मंडळी त्या शेतातून, ओढ्यातून वाचवतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण जेसीबीच्या दातांनी उचललेला दगड कोपऱ्यावर फुटतो, लोखंडी साखळी थेट कोरीवकामावर बसते, आणि मग सिमेंटमध्ये रोवल्यावर ओलीबरोबर क्षार दगडात चढतात. त्याऐवजी कापडी पट्टे, मध्ये जुनी गोधडी किंवा रबर, चेन-पुली ब्लॉक आणि खाली लाकडी ओंडके इतके साहित्य तालुक्याच्या गावी मिळते. हलवण्याआधी मूळ जागेचा फोटो, दिशा आणि जीपीएस नोंद घ्यायला तर काहीच खर्च येत नाही. दगड कुठे उभा होता हे हरवले, की त्याचा अर्धा इतिहास गेला.

उचलण्याच्या कसबाला प्रतिष्ठा देण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. माथाडी, हमाल आणि श्रमजीवी कामगारांसाठी राज्याने १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. संग्रहालयात मात्र अजूनही ‘चार माणसे पाठवा’ एवढ्यावर भागते. कोणती चार, त्यांना काय सांगितले, त्यांचा विमा कोण काढणार, हे विचारले जात नाही.

वादाचे मुद्दे

या क्षेत्रात सगळे एकमताने चालते असे नाही. दालनाची आर्द्रता वर्षभर ५० टक्क्यांच्या आसपास आणि तापमान एकाच अंशावर ठेवायचे, हा जुना दंडक समशीतोष्ण देशांतून आला. तो पाळायला वातानुकूलन चोवीस तास चालवावे लागते. मोठ्या संग्रहालयांच्या बिझो गटाने गेल्या दशकात बहुतेक वस्तूंसाठी ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि १६ ते २५ अंश अशी सैल मर्यादा मान्य केली. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तीही गाठणे कठीण. पण दशकानुदशके दमट हवेत राहिलेली लाकडी मूर्ती एकदम कोरड्या पेटीत ठेवली तर ती तडकू शकते, हे लक्षात घेतले तर स्थानिक हवेचा विचार करून ठरवलेली मर्यादा जास्त शहाणपणाची वाटते.

समकालीन कलेने दुसराच पेच आणला आहे. तिथे अनेकदा वस्तू नसते, सूचना असतात. सोल लेविटची भित्तिचित्रे लिखित सूचनांवरून दुसऱ्यांच्या हातांनी काढली जातात. सुबोध गुप्तांच्या स्टीलच्या भांड्यांच्या मांडणीत प्रत्येक भांडे कुठे बसते याचा नकाशा कलाकृतीइतकाच जपावा लागतो. पेच वेळेचाही असतो. कोची-मुझिरिस बिएनालेचे मुख्य प्रदर्शन डिसेंबर २०२२ मध्ये १२ तारखेला उघडायचे होते. वाहतुकीचे घोळ, पाऊस आणि अपुरी तयारी यांमुळे ऐन वेळी ते २३ तारखेवर ढकलावे लागले. कलावंतांनी उघड नाराजी व्यक्त केली. तरी तारीख पुढे गेली हे, अर्धवट दालने उघडण्यापेक्षा, बरेच म्हणायचे.

‘थांबा’ कोण म्हणणार

तुतनखामूनच्या सोन्याच्या मुखवट्याची दाढी ऑगस्ट २०१४ मध्ये कैरोच्या संग्रहालयात काम चालू असताना निखळली. निखळणे हा अपघात होता. त्यानंतर घाईघाईने इपॉक्सीने ती चिकटवली गेली, सोन्यावर चिकटद्रव्य दिसू लागले, आणि प्रकरण काही महिन्यांनी बाहेर फुटले. तज्ज्ञांनी इपॉक्सी काढून मधमाशांच्या मेणाने दाढी पुन्हा बसवली आणि डिसेंबर २०१५ मध्ये मुखवटा प्रदर्शनात परत आला. पुढे आठ जणांवर खटल्याची कारवाई झाली. अपघात घडताच काम थांबवून तुकडे जागच्या जागी ठेवले असते, फोटो घेऊन संवर्धकाला बोलावले असते, तर ही बातमी एका ओळीत संपली असती. पण जिथे नोंद केली की चौकशी बसते, तिथे माणूस डिंक शोधतो. अपघाताची खबर देणाऱ्याला शिक्षा नाही, लपवणाऱ्याला आहे, असा नियम लिहून भिंतीवर लावणे हे व्यवस्थापनाचे काम आहे.

या साऱ्यातून महाराष्ट्रातल्या संग्रहालयांसाठी काही गोष्टी सरळ निघतात. प्रत्येक मोठ्या संग्रहालयात हाताळणी आणि मांडणीचा एक नावानिशी जबाबदार प्रमुख असावा. शिपायापासून ठेकेदाराच्या माणसापर्यंत सर्वांना वर्षातून एकदा प्रत्यक्ष वस्तूंवर नव्हे, प्रतिकृतींवर प्रशिक्षण मिळावे. जिल्हा संग्रहालयांना कापडी पट्टे, फोम आणि आर्द्रतामापक यांचा सामायिक साठा विभागवार द्यावा. ते कोट्यवधींचे काम नाही. निविदेत सर्वांत कमी दराबरोबर अनुभवाची अट घालावी. आणि सर्वांत परिणामकारक सुधारणेला तर पैसाच लागत नाही. उद्घाटनाची तारीख मंत्र्यांच्या सवडीने ठरते आणि मांडणीचे दिवस तिथून उलटे मोजले जातात. हा क्रम बदलायला हवा. वस्तू किती, त्यांची प्रकृती कशी, पेट्या केव्हा येणार हे पाहून मांडणीच्या प्रमुखाने दिवसांचा अंदाज द्यावा, त्यावर सही करावी, आणि निमंत्रणपत्रिका त्यानंतर छापायला जावी.